घाबरल्यावर अंगाला कापरं भरतं तेव्हा: समजून घ्यायचं काय, करायचं काय

तोंडी परीक्षेसाठी बाहेरच्या बाकावर बसलेलं असताना, बँकेत खिडकीपाशी सही करताना, मंगलाष्टक म्हणायला माईक हातात आल्यावर, पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे नेताना हात थरथरायला लागतात. आपण लगेच बोटं आवळतो, कोपर अंगाशी घट्ट धरतो, श्वास रोखतो. थरथर आणखी वाढते. बहुतेकांची चूक इथेच होते: कापरं दाबून थांबवता येत नाही, दाबल्याने ते वाढतं. ते उतरू द्यावं लागतं, आणि ते लवकर उतरावं म्हणून करण्यासारखं बरंच काही आहे.

हात थरथरतो कशाने

मुळात प्रत्येकाचा हात थोडासा थरथरतच असतो. एक हात समोर सरळ धरा, बोटं पसरा आणि मागच्या बाजूवर वहीचा कागद ठेवा. अगदी शांत असतानाही कागदाची कड हलताना दिसेल. ही थरथर सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होते आणि एरवी इतकी बारीक असते की आपल्या लक्षातही येत नाही.

भीती वाटली की मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनलिन रक्तात सोडतात. त्याने हृदय जोरात चालतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ॲड्रेनलिन थेट हातापायांच्या स्नायूंवरही काम करतं, आणि तीच कायमची बारीक थरथर मोठी होऊन डोळ्यांना दिसायला लागते. म्हणजे नवा आजार जडलेला नसतो, नेहमीच्याच थरथरीचा आवाज मोठा झालेला असतो. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप ओढल्यावर काहींचे हात कापतात, तेही याच वाटेने; त्यात भीतीचा काही संबंध नसतो.

रक्तातलं ॲड्रेनलिन काही मिनिटांतच निम्म्यावर येतं. अंग पूर्ण निवायला मात्र वीस-तीस मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. मध्येच ‘अरे, सगळे बघतायत’ असं मनात आलं की ग्रंथी पुन्हा थोडं सोडतात. म्हणून काही जणांचं कापरं तासभर टिकतं. ती एकच लाट नसते, एकामागोमाग आलेल्या सहा-सात लाटा असतात.

आवळल्याने काय होतं, हे बादली घेऊन पाहता येईल. पाण्याने भरलेली बादली हात बाजूला ताणून धरली, तर मिनिटभरात धडधाकट माणसाचाही हात लटलटतो. ताणून धरलेला स्नायू दमतो आणि दमलेला स्नायू जास्त कापतो. थरथर लपवण्यासाठी मूठ आवळणं म्हणजे ती बादली उचलून धरण्यासारखंच आहे.

आधी खात्री: ही भीतीचीच थरथर आहे ना?

भीतीची थरथर प्रसंगासोबत येते आणि प्रसंगासोबत जाते. दोन्ही हातांना असते, सोबत धडधड, घाम, पोटात गोळा यांपैकी काही असतं. घरी निवांत बसून दूरदर्शन बघताना ती नसते.

यासाठी एक सोपी चाचणी आहे. मेंदूविकारतज्ज्ञही ती वापरतात. कोऱ्या कागदावर, मनगट टेबलाला न टेकवता, मधून सुरुवात करून चकलीसारखी गोल गोल वाढत जाणारी रेघ काढा. आधी उजव्या हाताने, मग डाव्या. एक चकली निवांत दिवशी सकाळी काढा, दुसरी हात कापत असताना. कागदावर तारीख टाकून दोन्ही जपून ठेवा. निवांत दिवशीची रेघ गुळगुळीत आणि दुसरी नागमोडी असेल तर भीतीकडे बोट जातं. दोन्ही दिवशी सारखीच नागमोडी असेल तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. जाताना दोन्ही कागद न्या.

बाकीची कारणं अशी ओळखता येतात.

हात मांडीवर सैल ठेवलेला असताना कापतो, उचलल्यावर कमी होतो, सुरुवात एकाच बाजूने झाली आहे, अक्षर बारीक होत चाललंय, चालताना एक हात हलत नाही: हे कंपवाताकडे नेणारं वर्णन आहे. उलट, कप तोंडाशी नेतानाच हात कापतो, वर्षानुवर्षं कापतोय, वडिलांचा किंवा आजीचाही कापत असे: ही घराण्यात चालत येणारी थरथर असू शकते. भीतीने ती वाढते, पण भीती हे तिचं मूळ नसतं.

भूक चांगली असून वजन उतरतंय, उकाडा सहन होत नाही, झोपेतही नाडी जलद चालते: थायरॉईडची रक्ततपासणी करा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना अचानक घाम आणि थरथर आली तर मन शांत करत बसू नका, आधी साखर मोजा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल किंवा मोजायची सोय नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, १०८ ला फोन करा.

रोज दारू पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिल्याच दिवसात हात कापू लागतात. ‘घाबरलाय, होईल ठीक’ म्हणत घरी बसवण्याची ही थरथर नव्हे. फिट येणं, भास होणं, बरळणं दोन-तीन दिवसांत सुरू होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची असते.

नवीन औषध सुरू झाल्यानंतरची थरथरही नोंदवा. लिथियम, व्हॅलप्रोएट, दम्याची काही औषधं, खुद्द नैराश्यावरच्याही काही गोळ्या हात कापवतात. औषध मनानेच बंद मात्र करू नका.

कापरं भरलंय, आत्ता काय करायचं

क्रम महत्त्वाचा आहे. त्यातला पहिला भाग सगळ्यांत अवघड वाटतो, कारण तो उलटा आहे.

१. सोडा. बोटं उघडा, खांदे खाली पडू द्या, वरचे आणि खालचे दात एकमेकांपासून सुटे करा. हात कापतोय तर कापू दे. मनात म्हणायचंच असेल तर ‘ॲड्रेनलिन आहे, उतरेल’ एवढंच म्हणा. ‘थांब, थांब’ म्हणू नका. ते ऐकून ग्रंथींना वाटतं संकट अजून चालूच आहे.

२. आधी श्वास सोडा. घाबरलेल्या माणसाला सगळे सांगतात ‘खोल श्वास घे’. तो छाती भरून श्वास ओढतो, पुन्हा ओढतो, आणि मिनिटभरात त्याला चक्कर येते. असं भराभर ओढल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं वाकडी होऊन आखडतात आणि माणूस आणखी घाबरतो. म्हणून सुरुवात सोडण्यापासून: तोंडाने, गरम चहावर फुंकर घालावी तसा हळू, छातीत उरलेला श्वास सोडून द्या. मग नाकाने चार आकडे मोजत साधा श्वास घ्या, भरगच्च नको. नंतर सहा आकडे मोजत सोडा. श्वास रोखायचा नाही. असं तीन ते पाच मिनिटं करा. चक्कर आली तर तुमचा श्वास मोठा होतोय, तो लहान करा. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा उपाय करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असला तर तो धोक्याचा ठरतो.

३. अंगाला काम द्या. शरीर पळायची तयारी करून बसलंय आणि आपण त्याला खुर्चीत डांबलंय. जिना असेल तर दोन मजले चढून या. जागा नसेल तर दोन्ही तळवे भिंतीवर टेकवून पाच सेकंद जोरात रेटा, मग दहा सेकंद हात पूर्ण सैल लोंबू द्या. असं सहा-सात वेळा. रेटणं आणि सोडणं यांतलं ‘सोडणं’ हे औषध आहे. नुसतं रेटत राहिलात तर पुन्हा बादलीच झाली.

४. नजर हातावरून उचला. हाताकडे बघत राहिलं की आपण नकळत प्रत्येक हालचाल सुधारायला जातो आणि हात अधिक अडखळतो. समोरच्या भिंतीवरच्या पाटीची अक्षरं मोजा, पंख्याचा आवाज ऐका, पायांखालची फरशी गार आहे की कोमट ते पाहा.

नळ जवळ असेल तर तोंडावर गार पाण्याचे हबके मारा, धडधड थोडी कमी होते. हृदयाचा आजार असलेल्यांनी हे टाळावं. कांदा हुंगवणं, अंगावर ओरडणं, ‘एवढं काय घाबरायचं’ म्हणणं: हे आसपासच्यांनी टाळावं. शेजारी बसून आपला स्वतःचा श्वास हळू ठेवणारा माणूस त्यापेक्षा जास्त कामाचा.

ठरावीक प्रसंगांसाठी

कागद हातात धरून वाचायचं असेल तर एकटा कागद कधीच धरू नका. सुटा कागद थरथर कित्येक पटीने मोठी करून दाखवतो आणि वर फडफडतो. जाड पुठ्ठ्यावर क्लिप लावा, किंवा वही घ्या. वजनदार वस्तू कमी कापते. शक्य असेल तर टेबलावर ठेवूनच वाचा.

सही करताना पुढचा हात कोपरापर्यंत काउंटरवर टेकवा, फक्त मनगट टेकवून भागत नाही. पेन जाड आणि सहज उमटणारं घ्या. बँकेतलं दोरीला बांधलेलं पेन दाबून लिहावं लागतं आणि दाबलं की हात कापतो. सहीच्या आधी बाजूच्या रद्दी कागदावर एकदा गिरवा. सही हळू, चित्र काढल्यासारखी काढू नका. ती नेहमीच्या वेगाने केली तरच नमुन्याशी जुळते, कारण हळू काढलेल्या रेघेत प्रत्येक थरथर उमटते.

चहाचा ट्रे न्यायचा असेल तर कप पाऊण भरा, बशा काढून टाका किंवा कपाखाली पेपर नॅपकिन घाला. निम्मा गोंधळ कपबशीच्या किणकिणीने होतो. चहा सांडायच्या आधी तोच आवाज आपल्याला घाबरवतो. ट्रे पोटाजवळ, कोपरं बरगड्यांना हलकी टेकवून धरा.

उभं राहून बोलताना पाय लटपटत असतील तर गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ केलेले असतात. ते किंचित सैल करा, एक पाऊल अर्धा फूट पुढे ठेवा, टाचांवर वजन द्या. आवाज कापत असेल तर छाती भरून घेऊन बोलायला सुरुवात करू नका. आधी श्वास सोडा, थोडा घ्या आणि पहिलं वाक्य चार-पाच शब्दांचंच ठेवा. पहिलं वाक्य पाठ असावं. बाकीचं भाषण पाठ केलंत तर मात्र एक शब्द विसरल्यावर सगळंच कोसळतं.

आणि सरळ सांगून टाकायला हरकत नाही: ‘हात जरा कापतायत, चालू द्या.’ मुलाखतीतही चालतं. लपवण्यात जी ताकद जात होती ती मोकळी होते. समोरच्याला थरथर आपल्याला जाणवते त्याच्या मानाने खूपच कमी दिसते. पटत नसेल तर हात कापत असताना मोबाइलवर वीस सेकंदांचं चित्रण करा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. बहुतेकांना वाटतं, एवढंच?

रोजचा सराव: आवळून सोडणं

वरच्या गोष्टी प्रसंगी उपयोगी पडाव्यात तर शरीराला ‘सैल’ म्हणजे काय ते आधी शिकवावं लागतं. स्नायू आवळून सोडण्याची ही पद्धत अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली.

पाठ टेकवून खुर्चीत बसा. उजवी मूठ आवळा, पूर्ण ताकदीने नको, साधारण निम्म्या. पाच सेकंद धरा. मग एकदम सोडा आणि पंधरा-वीस सेकंद त्या हातात काय वाटतं तेवढंच पाहा: ऊब, जडपणा, मुंग्या. मग डावी मूठ, दंड, कपाळ आणि डोळे, जबडा, खांदे कानांकडे उचलून, पोट, मांड्या, पोटऱ्या. एका फेरीला दहा-बारा मिनिटं लागतात. पोटऱ्या जोरात ताणल्या तर पेटका येतो, तिथे बेतानेच घ्या. मान दुखत असेल तर मान सोडून द्या.

पहिले दोन आठवडे रोज एकदा. नंतर आवळणं गाळा, फक्त मनाने त्या जागी जाऊन सोडा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ‘सोड’ हा शब्द आणि एक लांब उच्छ्वास, एवढ्यावर खांदे पडायला लागतात. परीक्षेच्या बाकावर नेमकं हेच हवं असतं. इथे घाई करणाऱ्यांचं बिनसतं. ते थेट संकटाच्या वेळी पहिल्यांदा करून बघतात, जमत नाही आणि म्हणतात, माझ्यावर चालत नाही. विहिरीत पडल्यावर पोहायला शिकण्यासारखं आहे ते.

टाळणं बंद करण्याची शिडी

ज्या प्रसंगी हात कापतो तो प्रसंग टाळला की त्या दिवशी सुटका होते, पण पुढच्या वेळची भीती वाढते. म्हणून पायऱ्या करा. समजा चारचौघांत कप धरायची धास्ती आहे. वहीत लिहा: घरी एकट्याने भरलेला कप उचलणं (भीती १० पैकी २), बहिणीसमोर (३), टपरीवर अनोळखी लोकांत (५), कार्यालयात सहकाऱ्यांसोबत (६), लग्नाच्या पंगतीत व्याह्यांसमोर (९).

खालच्या पायरीपासून सुरू करा. प्रत्येक वेळी आधी लिहा की काय होईल असं वाटतंय: ‘चहा सांडेल आणि सगळे हसतील.’ नंतर लिहा प्रत्यक्ष काय झालं. एकच पायरी आठवड्यात चार-पाच वेळा करा, भीतीचा आकडा निम्म्यावर आला की वरची घ्या. मध्येच उठून जाऊ नका. कापरं टिपेला असताना पळालात तर शरीर शिकतं की पळाल्यामुळे वाचलो.

आधी सांगितलेले पाऊण कप, पुठ्ठा, टेकवलेलं कोपर हे आधार परीक्षेच्या किंवा कार्यक्रमाच्या दिवसासाठी आहेत. सरावात ते एकेक करून काढायचे. शेवटी तर मुद्दाम थोडा चहा सांडून बघायचा. सांडल्यावर लोक फडकं शोधतात आणि पुन्हा गप्पांना लागतात, हे एकदा बघितलेलं डोळ्यांना पटतं.

चहा, तंबाखू, उपवास

दीडशे मिलिलिटर चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं, कॉफीत त्याच्या दीड-दोन पट. शरीर ते निम्मं करायला पाच तासांच्या आसपास घेतं. दुपारी चारचा चहा रात्री नऊला अर्धा शिल्लक असतो. मुलाखतीआधी ‘तरतरी यावी’ म्हणून घेतलेला दुसरा कप हात कापवतो. रोज पाच-सहा कप घेत असाल तर एकदम तोडू नका, डोकं ठणकतं. तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी करा. मिश्री, तंबाखू, सिगारेट यांतल्या निकोटिननेही हात कापतात, ‘मन शांत होतं’ म्हणून ओढणाऱ्याला हे पटत नाही. चतुर्थी-नवरात्रात रिकाम्या पोटी चहावर चहा झाला की थरथर हमखास; उपवास धरायचाच असेल तर चहाआधी शेंगदाणे किंवा केळं खा. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी अंग अधिक कापतं, हे वेगळं सांगायला नकोच.

डॉक्टर आणि औषधं

आठवड्यातून अनेकदा कापरं भरत असेल, त्यामुळे नोकरी, शिक्षण, बाहेर जाणं अडत असेल, किंवा दोन महिने सराव करूनही फरक नसेल तर आधी घरच्या डॉक्टरांकडून साखर आणि थायरॉईड तपासून घ्या, मग मनोविकारतज्ज्ञांकडे जा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही आहे. छातीत दाबल्यासारखं दुखणं, एका बाजूची शक्ती जाणं, तोंड वाकडं होणं यांत भीतीचा विचार नंतर, १०८ आधी.

प्रोप्रॅनोलॉल ही गोळी स्नायूंवरचा ॲड्रेनलिनचा परिणाम अडवते आणि ठरावीक प्रसंगाच्या तासभर आधी घ्यायला डॉक्टर ती कधी कधी देतात. मित्राच्या पाकिटातली घेऊ नका. दमा असेल तर ती श्वास बंद पाडू शकते, नाडी मुळात मंद असेल तर आणखी मंद करते, आणि मधुमेहींमध्ये साखर उतरल्याची धडधड-थरथर हीच खूण झाकून टाकते. डॉक्टरांनी दिली तरी पहिली गोळी परीक्षेच्या दिवशी नको, आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा.

अल्प्राझोलाम ही चिंतेवरची गोळी झटकन काम करते, म्हणूनच तिची सवय लवकर लागते. ती एकदम सोडली की थरथर दुपटीने परत येते. रोज घ्यायच्या चिंताविरोधी गोळ्यांना परिणाम दाखवायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत काहींना उलट जास्त अस्वस्थ वाटतं. नेमक्या त्याच दिवसांत अनेकजण ‘सोसत नाही’ म्हणून गोळी सोडतात. तसं वाटलं तर डॉक्टरांना फोन करा, मात्रा कमी करून हळू वाढवता येते.

डॉक्टरांकडे जाताना न्यायचं: चकल्यांचे दोन कागद, शिडीची वही, हात कापतानाचं चित्रण, चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं आयुर्वेदिक धरून, आणि दिवसाला चहा-दारू-तंबाखू किती याचा खरा आकडा.